तारेला एक पीळ जास्तीचा

आमच्या घरमालकांच्या खिशात रुमाल कधी नसायचा, तार मात्र हमखास असायची. द्राक्षाच्या मांडवाला बांधतात ती बारीक, चकचकीत तार, वेटोळं करून ठेवलेली. दुसऱ्या खिशात छोटी पक्कड. बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, गुडघ्यांसाठी त्यांनी निफाडकडची बाग मुलाच्या हवाली केली आणि नाशकात घर घेतलं, तेव्हा बाग तिकडेच राहिली, तार मात्र बरोबर आली. मखमलाबाद रोडच्या त्या दुमजली घरात खाली हे दोघं आणि वर मी, भाडेकरू. मी सातपूरच्या एका कंपनीत नोकरीला, एकटी, तिशी ओलांडलेली, आणि कुणी माझ्या कामात लुडबुड केलेली मला अजिबात खपायची नाही. म्हणजे त्या घरात राहायला मी किती लायक होते ते बघा.

तारेनं न बांधलेली वस्तू त्या घरात शोधावी लागे. फाटकाची कडी, तुळशीच्या कुंडीचा काठ, रिमोटचं मागचं झाकण, काकूंच्या चष्म्याची काडी. एकदा माझी छत्री मोडली म्हणून मी ती टाकायला निघाले होते, तर हे जिन्यात आडवे आले. पायरीवरच बसले, पक्कड काढली आणि बोलता बोलता छत्री बांधून माझ्या हातात दिली. ती नंतर कधी मिटली नाही, हा भाग वेगळा. पुढचे दोन पावसाळे ती माझ्या गॅलरीत उघडीच उभी होती आणि तिच्याखाली शेजारची मांजर झोपायची.

त्यांची बांधायची एक रीत होती. तार गुंडाळायची, दोन्ही टोकं पकडीत धरायची, पीळ देत जायचं आणि तार घट्ट बसली असं वाटलं की तिथं थांबायचं नाही. "एक पीळ जास्तीचा द्यावा, ताई," ते सांगत. "मांडवावर माल लागला, घड लोंबायला लागले, की मग कळतं पीळ देताना कोणी कंजुषी केली ते." हा नियम ते फक्त तारेलाच लावत असते तर माझी तक्रार नव्हती. ते नळही असेच बंद करत. त्यांनी बंद केलेला नळ काकूंना उघडायचा नाही, म्हणून काकू मला खालून हाक मारत, मग मी ऑफिसची पर्स खांद्याला लावूनच तो उघडून देई. अशा पिळानं वायसर लवकर मरत. वायसर मेला की नळ गळे. आणि नळ गळला की आमच्या मालकांसारखा आनंदी माणूस नाही.

गळती हा त्यांचा जीव की प्राण. बागेत असताना रोज सकाळी ते ठिबकच्या नळ्या बघत फिरायचे, कुठे खारीनं कुरतडली, कुठे सांधा सुटला ते शोधायचे. नाशकात बाग नव्हती, नळ्या नव्हत्या, सकाळ मात्र रोज होत होती. मग ते घराच्या पाइपांवरून फेरी मारत. उजाडता उजाडता माझ्या दाराची कडी वाजे. "ताई, तुमच्या बेसिनचा नळ रडतोय." खालच्या खोलीत झोपून यांना वरचा नळ ऐकू यायचा. पहिले सहा महिने मला या माणसाचा इतका राग यायचा, की मी दुसरी खोली बघायला पंचवटीत चार घरं फिरून आले. त्यानंतर कधीतरी दिवाळीला गावी गेले, सकाळी दार वाजलं नाही, आणि मला चक्क करमेना.

एवढा हुशार माणूस, पण एक गोष्ट त्यांना जमायची नाही. चुकलं म्हणणं. एकदा ते पिंपळगावची म्हणून दिंडोरीच्या एसटीत बसले. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, तर म्हणाले, "दिंडोरी बघायची राहिलीच व्हती कधीची." काकूंच्या भाजीत एकदा त्यांनीच दुसऱ्यांदा मीठ घातलं आणि जेवताना, "आज मीठ जरा उठून दिसतंय," असं कौतुकानं म्हणाले. मी हसले, काकूही हसल्या. पण काकूंचं हसू नेहमी जरासं अर्धवट राहायचं. त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं, एका दुपारी त्यांच्याबरोबर शेवया मोकळ्या करताना.

काकूंचं माहेर चांदवडजवळ. धाकटा भाऊ तिथे शेती करतो. काही वर्षांपूर्वी हे दोघं उन्हाळ्यात तिकडे गेले होते. भाऊ लग्नाला म्हणून मनमाडला गेलेला, आणि शेतात पाणी नीट चढेना. झालं. दाजींनी कान देऊन ऐकलं आणि जाहीर केलं की विहिरीपासून येणारा पाइप जमिनीखाली गळतोय. काढणीला आलेल्या कांद्यातून त्यांनी कुदळीनं चर खणला, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाइप कोरडा ठणठणीत होता. संध्याकाळी भाऊ आला, विहिरीवर गेला, अर्धा बंद राहिलेला व्हॉल्व पूर्ण उघडला आणि पाणी धो धो चालू झालं. उखडलेल्या कांद्यांकडे बघत तो एवढंच म्हणाला, "दाजी, आधी व्हॉल्व बघायचा ना." सगळं घर जेवायला बसलेलं होतं. हे ताटावरून उठले, काकूंना उठवलं आणि मिळेल त्या गाडीनं निघून आले.

"तो काय वाईट बोलला, सांग बरं?" काकू मला म्हणाल्या. "पण यांचं आपलं एकच, पाइप आज ना उद्या गळणारच व्हता."

तेव्हापासून काकू भाऊबीजेला माहेरी गेल्या नव्हत्या. मालकांनी त्यांना अडवलं नव्हतं. तू जा की, असं ते दर वर्षी म्हणत. पण काकूंनीच मनाशी धरलं होतं, की जाऊ तर दोघं जाऊ, आणि हे तिथं माझ्या भावापुढं 'चुकलं' म्हणतील तेव्हाच जाऊ. भाऊ दर वर्षी फोन करायचा, "आक्का, दाजींना घेऊन ये." काकू फोन ठेवायच्या आणि त्या दिवशी घरात कुणाशी बोलायच्या नाहीत. देवापुढं एका सुपारीला ओवाळायच्या.

त्या वर्षी दसऱ्याला मी गाडी घेतली. माझी पहिली गाडी, पांढरी, छोटी. शोरूममधून फाटकापर्यंत मी ती इतक्या हळू आणली, की मागच्या रिक्षावाल्यानं मला नमस्कार केला. काकू हळदीकुंकू घेऊन उभ्या होत्या. झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबं, सगळं रीतसर झालं. मालकांनी लिंबू-मिरचीही आणली होती, पुढं बांधायला. मी म्हटलं, "काका, ते नको. मला नाही आवडत." त्यांनी ती मुकाट बाजूला ठेवली. मी वर पेढे आणायला गेले. खाली आले तेव्हा ते बॉनेट पुसत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काम पुरं केल्याचं समाधान होतं. मला वाटलं, पुसल्याचंच असेल.

कोजागिरीला दूध पिताना काकूंनी विषय काढला. यंदा भाऊबीजेला मी त्यांना माझ्या गाडीनं चांदवडला न्यावं. एसटीची पायरी त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हती हे खरं, पण खरं कारण दुसरं होतं. मी बरोबर असले की यांना रागारागानं अर्ध्यातून उठता येणार नाही, परक्या पोरीसमोर लाज वाटेल, असा त्यांचा हिशेब. मी लगेच हो म्हटलं. मालक बराच वेळ दुधातलं केशर बघत बसले. मग म्हणाले, "गाडी हायवेला कशी पळती ते बघायला पायजेच." म्हणजे येणार. काकूंनी माझ्या पेल्यात आणखी दूध ओतलं.

आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी माझ्या दाराची कडी वाजली. "ताई, गाडी गळती हाय."

सकाळच्या फेरीत आता गाडीचाही नंबर लागला होता, हे मला ठाऊक नव्हतं. मी डोळे चोळत खाली गेले. बॉनेट उघडं होतं. कूलंटची ती पांढरी बाटली असते ना, तिच्यातलं गुलाबी पाणी खालच्या रेषेच्याही खाली गेलं होतं. इंजिन तापू नये म्हणून फिरणारं ते पाणी. ते संपलं तर इंजिनच बसायचं, एवढं मला शोरूमवाल्यानं गाडी देताना बजावलं होतं. गाडीखाली वाकून बघितलं, फरशी कोरडी. मी शोरूमला गेले. त्यांनी बाटली भरली, नव्या गाडीत आतली हवा निघते म्हणून पातळी खाली बसते असं सांगितलं, आणि तरीही कमी झालं तर दिवाळीनंतर या, आत्ता गर्दी आहे, असं म्हणाले. दोन दिवसांत पाणी पुन्हा खाली.

"शहरात चालवा, पण हायवेला नेऊ नका," फोनवरून शोरूमचा सल्ला मिळाला. मी तो खाली जाऊन सांगितला. काकू चकल्या पाडत होत्या. त्यांनी सोऱ्या खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"झालं. यांचं फावलं."

"माझं काय फावलं?" मालक उसळले. "मी यायला तयार हाय की!"

"मग करा टॅक्सी."

"टॅक्सीनं जायचं अन् लोकांनी इचारायचं, नवी गाडी कुठंय? नवी गाडी बंद पडली म्हणून सांगायचं?"

काकूंनी सोऱ्या उचलून पुन्हा चकल्या पाडायला घेतल्या, आणि ते वाईट होतं. मला मनापासून वाटलं की ही भाऊबीजही गेली. मालक मात्र पेटून उठले. गाडी गळतेय आणि गळती त्यांना सापडत नाही, हे त्यांना झोंबलं होतंच. पण बायकोनं आपल्यावर संशय घेतला, हे त्यांना जास्त झोंबलं होतं असं मला वाटतं.

पहिला उपाय रांगोळीचा. दिवाळीसाठी काकूंनी आणलेली सगळी पांढरी रांगोळी त्यांनी संध्याकाळी गाडीखाली अंथरली, थेंब कुठे पडतो ते सकाळी दिसावं म्हणून. सकाळी रांगोळीवर मांजराची पावलं उमटलेली होती, थेंब एकही नाही. समोरच्या वहिनींनी येऊन विचारलं, गाडीची अशी पूजा असते का, आमच्याकडे नाही करत. काकूंना नवी रांगोळी आणायला मला पिटाळावं लागलं.

दुसरा संशय खारीवर. बागेत ठिबकच्या नळ्या खारी कुरतडायच्या, तेव्हा इथेही तीच असणार. कंपाउंडमधल्या जांभळावर एक खार होती, ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मालक सकाळचा चहा घेऊन, शेजारी गलोल ठेवून, झाडाखाली खुर्ची टाकून बसू लागले. खार त्यांच्याकडे बघायची, ते खारीकडे. "चेहऱ्यावरून दिसतं तिच्या," ते मला म्हणाले. मी ऑफिसला उशीर होतोय म्हणून काही बोलले नाही, नाहीतर बरंच बोलण्यासारखं होतं.

वसुबारस झाली. काकूंनी बॅग भरायला काढली नाही. भावासाठी आणलेला टॉवेल-टोपीचा आहेर कपाटातच राहिला.

धनत्रयोदशीच्या सकाळी मला सुट्टी होती. मालक वर आले, ते पहिल्यांदाच दार न वाजवता बाहेर उभे राहिले. मी दार उघडलं तर म्हणाले, "ताई, मी येडाच हाय. मोटर बंद ठेवून कधी ठिबकची गळती दिसती का? दाब पायजे. चला, गाडी तापवा."

मी मातोरीपर्यंत गाडी पळवून आणली. हे शेजारच्या सीटवर बसून काचेतून नाक बाहेर काढून वास घेत होते. घरी आल्यावर गाडी चालूच ठेवायला सांगितली, बॉनेट उघडलं. गरम झाकणाला हात लावायचा नाही असं मी ओरडून सांगितलं, त्यांनी ते ऐकलं, हे विशेष. मग त्यांनी लेंग्याच्या खिशातून काकूंचा पावडरचा डबा काढला आणि दिसेल त्या नळीवर पावडर शिंपडली. तेवढ्यात आतला पंखा आपोआप सुरू झाला. सगळी पावडर उडून त्यांच्या तोंडावर. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, फक्त डोळे लुकलुकताहेत. व्हरांड्यात खुर्चीवर बसलेल्या काकू ओरडल्या, "अहो, माझी पावडर!" आणि पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

मी गाडी बंद केली. पंखा थांबला. मालक वाकून बघत राहिले. "गोड वास येतोय," ते म्हणाले. "मनुके भिजत घातल्यासारखा." खरंच येत होता. आणि मग मलाही दिसलं. बाटलीकडे जाणारी एक बारीक काळी नळी होती, खाली एका कोपऱ्यात वळलेली, त्या वळणावर उरलेल्या पावडरीतून एक गुलाबी रेघ हळूच उतरत होती. गरम इंजिनावर पडून ती तिथल्या तिथे सुकून जात होती, म्हणून फरशी कोरडी.

"सापडली!" मालकांनी असा आवाज काढला, की जांभळावरची खार वर पळाली. "बघितलं का? म्हटलं नव्हतं, खार? कुरतडलीये." त्यांनी जरा वेळ जाऊ दिला, नळी निवली तसा हात आत घातला, बोटांनी वळणापाशी चाचपलं.

आणि ते थांबले. हात आतच. इतका वेळ चाललेली टकळी एकदम बंद झाली. मला वाटलं, चटका बसला. "काका, काय झालं?" काकू खुर्चीतून म्हणाल्या, "अहो, काय सापडलं?"

त्यांना तेव्हा काहीही सांगता आलं असतं. खार तयारच होती, तिचा गुन्हा जवळजवळ सिद्ध झालेला होता. जे होतं ते बोटांनी काढून खिशात टाकलं असतं, तर मला जन्मात कळलं नसतं. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते आणि त्यांच्या पांढऱ्या झालेल्या चेहऱ्यावर हे सगळं येऊन गेलेलं मी बघितलं. मग त्यांनी दुसऱ्या खिशातून पक्कड काढली, आत घातली आणि पीळ उलटा फिरवायला लागले. वेळ लागला. तो पीळ त्यांचाच होता, सहजासहजी सुटणार कसा?

हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर तारेचा तुकडा होता आणि त्याला अडकवलेली काळ्या चिंधीची एवढीशी पुरचुंडी. ते चालत काकूंपुढे गेले आणि हात पुढं केला.

"बिब्बा हाय," ते म्हणाले. "दसऱ्याला मीच बांधला व्हता. ताईनं लिंबू-मिरची नको म्हटलं, अन् पोर एकटी गाडी चालवणार, म्हणलं दृष्ट लागायला नको. आत बांधला, दिसणार नाय असा. धागा जळून जाईल, म्हणून तारेनं बांधला." त्यांनी तारेकडे बघितलं. "पीळ जरा जास्ती झाला. गाडी हलून हलून तारेनं नळी कापली. माझं चुकलं."

काकू त्या तारेकडे बघत होत्या. मग त्यांनी, जरा भीतभीतच, विचारलं, "जायचं नव्हतं म्हणून तर नव्हतं ना केलं?"

"दसऱ्याला जायचं कुठं ठरलं व्हतं? कोजागिरीला ठरलं." ते दुखावले होते, पण आवाज चढला नाही. "मला जायचंय गं."

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी डोळे पुसले आणि खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. "ताई, ती नळी आजच्या आज बदलून आणा बाई," त्या मला म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी यांच्या तोंडून शब्द निघालाय, तो गार व्हायच्या आत चांदवडला पोचवू."

"नळी कशाला बदलायची?" मालक म्हणाले. "फाटलं तेवढं कापतो अन् तारेनं पक्की करून देतो."

"नको!" मी आणि काकू एकदमच ओरडलो.

काय बिघडलंय ते नेमकं सांगता आलं, की वर्कशॉपमध्ये गर्दीतही काम होतं. नवी नळी घालून मी दुपारी परत आले. तारेचं मी तिथं काही बोलले नाही. मला त्या बिब्ब्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. माझ्यासाठी इतक्या आडजागी हात घालून कुणी काही बांधलं नव्हतं त्याआधी.

भाऊबीजेला सकाळी निघालो. काकू पुढे, पाय लांब करून, मांडीवर ताम्हण बांधलेली पिशवी. मालक मागे. ओझरपर्यंत ते रस्त्यावरच्या प्रत्येक बागेची छाटणी कशी चुकली आहे ते सांगत होते. पिंपळगाव गेलं तसे गप्प झाले. वडनेरजवळ म्हणाले, "ताई, जरा थांबा, पाणी बघू." बघितलं, पाणी जागेवर होतं. आणखी थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, "पाणी बघू." काकू समोर बघत म्हणाल्या, "पाणी हाय तेवढंच हाय. चला."

भाऊ फाटकातच उभे होते. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, शांत माणूस. बहिणीला उतरवून घेतलं, "आक्का" म्हणाले आणि तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. ओवाळणी झाली. काकूंनी ओवाळताना नवऱ्याकडे एकदाच बघितलं. मालकांनी सदऱ्याच्या खिशातून तारेचा तो तुकडा काढला, बिब्ब्यासकट, आणि मेव्हण्याच्या हातावर ठेवला. "हे बघ, तुझ्या दाजीनं काय केलं." आणि गाडीची सगळी गोष्ट सांगितली. रांगोळी, खार, पावडर, काही वगळलं नाही. घर हसून हसून लोळायला लागलं. त्या हसण्यातच ते म्हणाले, "अन् तुझ्या कांद्याचंही तसंच. व्हॉल्व बघायला पायजे व्हता. माझं चुकलं."

हसणं थांबलं. भाऊ खाली वाकले आणि दाजींच्या पाया पडले. काकू पाटावर तशाच बसून राहिल्या, ताम्हण हातात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही.

जेवणं झाली. काकू घरातल्या बायकांत रमल्या. भाऊ आम्हा दोघांना शेत दाखवायला घेऊन गेले. जिथं चर खणला होता तिथं आता कांद्याची रोपं उभी होती. भाऊ इकडं तिकडं बघून म्हणाले, "दाजी, एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्यावर दोन पावसाळ्यांनी तो पाइप खरंच फुटला. जमिनीखालीच, त्याच पट्ट्यात. तुम्ही खणलं त्यापासून फार तर चार हातांवर."

मी मालकांकडे बघितलं. मला वाटलं, आता उड्या मारतात.

"मग कळवलं का नाय?" ते म्हणाले.

"फोनवर सांगितलं असतं, तर तुम्ही आला असता. पण छाती काढून आला असता. मला तुम्ही नुसतेच यायला पायजे व्हते." भाऊ जमिनीकडे बघत होते. "आक्कालाही नाय बोललो अजून."

मालक बांधावर बसले. मग उठले, विहिरीवर जाऊन व्हॉल्व बघून आले.

परत येताना काकूंची ओटी भरलेली, मागची सीट भाजीनं भरलेली, तिच्यात मालक कसेबसे मावलेले. ओझरच्या पुढं काकूंचा डोळा लागला. मागून एक हात माझ्या सीटवर आला.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "ते पाइपाचं हिला सांगू नका."

"का? तुमचं बरोबर होतं ना काका? तुम्ही इतकी वर्षं तेच तर सांगत होता."

"व्हय, बरोबर व्हतं." त्यांना ते एकदा म्हणायचं होतंच. मग म्हणाले, "पण आज हिचं तोंड बघितलं का तुम्ही? पाइपाचं कळलं तर ती म्हणेल, मग उगाच चुकलं म्हटले. राहू दे. तेवढं चुकलेलंच राहू दे माझं."

पुढे माझी बदली झाली, मी ते घर सोडलं. निघताना त्यांनी चांदवडहून परत आणलेला तोच बिब्बा माझ्या गाडीच्या आरशाला बांधून दिला, यावेळी काळ्या धाग्यानं आणि मला विचारून. गाठ मात्र अशी मारली आहे, की कात्रीशिवाय सुटायची नाही. गेल्या वर्षी मालक गेले. मी भेटायला गेले तेव्हा चांदवडचे भाऊही आले होते. काकू रडल्या, मग सावरल्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच गोष्ट सांगत होत्या, की हट्टी होते, जन्मभर कुणापुढं वाकले नाहीत, पण एका भाऊबीजेला माझ्या भावासमोर चुकलं म्हणाले, फक्त माझ्यासाठी. भाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी काकूंना पाणी दिलं. नळ घट्ट होता, उघडायला जोर लावावा लागला.

पाइपाचं त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.